पवनचक्कीच्या किटला इलेक्ट्रॉनिक्स जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्वेनगरला आमच्या गच्चीवर रविवारी सकाळी मुलं आपापली पवनचक्कीची किट घेऊन येतात, बरोबर आईबाबाही असतात. बाकीचे सहा दिवस प्रश्न फोनवर येतात. पावसाळी वारा सुटला की आणि शाळेचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की ते वाढतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ‘किट’ म्हणजे बाजारात मिळणारं नेहमीचं मॉडेल धरलं आहे: प्लास्टिकची तीन पाती, हातभर उंचीचा खांब, मागे खेळण्यातली छोटी मोटर आणि एक एलईडी.

१. किटमध्ये तर मोटर दिली आहे, जनरेटर नाही. मग वीज कशी तयार होणार?

छोटी डीसी मोटर आणि छोटा डीसी जनरेटर ही एकच वस्तू आहे. आत चुंबक असतो आणि त्याच्यामध्ये तारेची वेटोळी फिरतात. वीज दिली की दांडा फिरतो, दांडा फिरवला की वीज मिळते. मल्टिमीटर २००० मिलिव्होल्टच्या डीसी रेंजवर ठेवा, मोटरच्या दोन टोकांना लावा आणि दांडा बोटांनी जोरात फिरवा. आकडा हलेल. उलटा फिरवलात तर आकड्याआधी वजा चिन्ह येईल. पुढचं काहीही विकत घेण्याआधी ही एक मिनिटाची चाचणी करा.

२. काकू, सगळं सूचनांप्रमाणे जोडलं, पाती छान फिरतात, पण एलईडी लागतच नाही. किट खराब निघालं का?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. किट बहुतेक वेळा चांगलं असतं, पण मोटर या कामाची नसते.

हिशोब करून पाहा. पात्यांचा व्यास ३० सेंटिमीटर आहे आणि वारा सेकंदाला ३ मीटर आहे. साध्या प्लास्टिकच्या पात्यांची टोकं वाऱ्याच्या साधारण दुप्पट वेगाने धावतात असं धरू, म्हणजे सेकंदाला ६ मीटर. एका फेरीत टोक सुमारे ९४ सेंटिमीटर अंतर कापतं. म्हणजे मिनिटाला अंदाजे ३८० फेरे झाले. खेळण्यातली मोटर ३ व्होल्टवर मिनिटाला ९००० फेरे घेणारी असेल तर एका व्होल्टसाठी तिला ३००० फेरे लागतात. आपल्या ३८० फेऱ्यांत ती देणार जेमतेम ०.१३ व्होल्ट. लाल एलईडी पेटायला १.८ ते २ व्होल्ट लागतात, पांढऱ्या किंवा निळ्याला ३ च्या आसपास.

तेव्हा आधी मल्टिमीटर लावून तुमची मोटर किती देते ते लिहून ठेवा. आकडा १.८ च्या वर असूनही दिवा नसेल तर एलईडी उलटा लागला असेल, त्याचे पाय अदलाबदल करा. आकडा खूप खाली असेल तर मोटर बदलायची, त्यासाठी प्रश्न ४ पाहा. आकडा ०.७ ते १.८ च्या मध्ये असेल तर मोटर न बदलताही उपाय आहे, तो प्रश्न ७ मध्ये आहे.

३. वाऱ्यात मुळात ताकद असते तरी किती?

पाती जेवढं वर्तुळ व्यापतात त्याचं क्षेत्रफळ, गुणिले हवेची घनता, गुणिले वेगाचा घन, आणि या सगळ्याचं निम्मं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे हवेची घनता घनमीटरला १.१ किलोग्रॅमच्या आसपास धरावी. ३० सेंटिमीटर व्यास आणि सेकंदाला ३ मीटर वारा घेतला तर उत्तर येतं सुमारे १ वॅट.

हा पूर्ण वॅट कुणालाच काढता येत नाही. सगळी ऊर्जा काढून घेतली तर हवा पात्यांमागे थांबून राहील आणि पुढची हवा येणारच नाही. जास्तीत जास्त ५९.३ टक्के मिळू शकतात, ही मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांच्या नावाने ओळखली जाते. आपली चपटी पाती, घासणारा दांडा आणि स्वस्त मोटर यांतून वाट काढत शेवटी ३० ते ५० मिलिवॅट हाती आले तर किट उत्तम जमलं असं समजा. एक एलईडी नीट पेटायला साधारण ४० मिलिवॅट लागतात. पुढच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हाच आकडा आहे.

वेगाचा घन विसरू नका. वारा दुप्पट झाला तर ताकद आठपट होते आणि निम्मा झाला तर एक अष्टमांश उरतो.

४. मग कोणती मोटर बसवू? दुकानदार बीओ मोटर घ्या म्हणतो.

मोटर निवडताना एकच गोष्ट बघायची: एका व्होल्टसाठी तिला किती फेरे लागतात. लेबलवरच्या फेऱ्यांना लेबलवरच्या व्होल्टने भागा. उत्तर जितकं लहान, तितकी मोटर आपल्या कामाची. बंद पडलेल्या प्रिंटरमधून निघालेल्या मोटरवर २४ व्होल्ट, ४८०० फेरे असं लिहिलं असेल तर भागाकार येतो २००. प्रश्न २ मधल्या ३८० फेऱ्यांना ती १.९ व्होल्ट देईल.

बीओ मोटर म्हणजे रोबोटच्या चाकांना लावतात ती पिवळी गिअरवाली मोटर. हाताने फिरवली की भरपूर व्होल्ट दाखवते, म्हणून सगळ्यांना आवडते. पण उलट्या बाजूने तिचे गिअर फिरवायला जो जोर लागतो तो ३० सेंटिमीटरच्या पात्यांकडे नसतो. फॅनसमोर ठेवली की जागची हलत नाही. गिअरने फेरे आठपट केले तर लागणारा जोरही आठपट होतो, शिवाय गिअरचं घर्षण वेगळंच. २८बीवायजे-४८ या छोट्या स्टेपरचंही (ठरावीक पायऱ्यांनी फिरणाऱ्या मोटरचंही) तसंच, तिच्या आत १:६४ चे गिअर असतात.

जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर वापरणाऱ्यांनी जपून राहा. त्यांतल्या बऱ्याच मोटरच्या पोटात वेग स्थिर ठेवणारं छोटं सर्किट असतं, आणि ते असेपर्यंत मोटर जनरेटर म्हणून नीट चालत नाही.

माझी पहिली पसंती प्रिंटरमधल्या साध्या डीसी मोटरला. दुसरी पसंती गिअर नसलेल्या स्टेपरला, पण दांडा फिरवताना टक टक अडखळणं फार जोरात जाणवत असेल तर ती नको, कारण हलक्या वाऱ्यात पाती सुरूच होणार नाहीत.

५. स्टेपर मोटरला चार तारा आहेत. कुठली कुठे जोडायची?

चार तारा म्हणजे दोन वेगळी वेटोळी. जोडी ओळखायला मीटरही लागत नाही. कुठल्याही दोन तारांची उघडी टोकं एकमेकांना टेकवा आणि दांडा फिरवा. दांडा अचानक जड झाला तर त्या दोन तारा एकाच वेटोळ्याच्या.

स्टेपरमधून येते ती एसी वीज. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून एसीची डीसी करायला प्रत्येक वेटोळ्याला चार डायोडचा एक ब्रिज लावायचा आणि दोन्ही ब्रिजचे प्लस एकत्र, मायनस एकत्र करायचे. लहान मुलांसाठी मला त्याहून सोपा मार्ग आवडतो. ब्रिज लावूच नका, एका वेटोळ्यावर एक लाल आणि एक हिरवा एलईडी एकमेकांना उलटे, समांतर जोडा. हाताने हळू फिरवलं की दोन्ही आळीपाळीने लुकलुकतात आणि एसी म्हणजे काय ते मुलांना डोळ्यांनी दिसतं. वेग वाढला की दोन्ही सतत पेटल्यासारखे दिसतात, कारण २०० स्टेपच्या मोटरमध्ये एका फेरीला ५० आवर्तनं होतात.

६. घरात १एन४००७ डायोड पडून आहेत. तेच ब्रिजला लावले तर चालतील?

जोडता येतील, पण तोटा मोठा आहे. ब्रिजमध्ये वीज एका वेळी दोन डायोडमधून जाते आणि १एन४००७ प्रत्येकी ०.७ व्होल्ट खातो, म्हणजे १.४ व्होल्ट गेले. मिळत होते दोनच. शॉट्की प्रकारचा १एन५८१९ घ्या, तो प्रत्येकी साधारण ०.३ व्होल्टवर भागवतो. डीसी मोटर असेल आणि पाती एकाच दिशेने फिरत असतील तर ब्रिजची गरजच नाही.

७. ज्यूल थीफ लावला की कमी व्होल्टवरही एलईडी पेटतो असं ऐकलंय. खरं आहे का?

खरं आहे, पण ०.१३ व्होल्टवर नाही. ज्यूल थीफमध्ये बीसी ५४७ सारखा एक ट्रान्झिस्टर, १ किलोओहमचा रोध आणि फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेली दोन वेटोळी एवढंच असतं. ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि प्रत्येक वेळी बंद होताना वेटोळ्यात साठलेली ऊर्जा उंच व्होल्टच्या ठोक्याने एलईडीत जाते. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सुरू व्हायला ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतातच. त्याच्या खाली हे सर्किट गप्प बसतं.

कडं विकत घ्यायची गरज नाही. जळालेल्या सीएफएल दिव्याच्या सर्किटमध्ये फेराइटचं छोटं कडं मिळतं. दिवा मोठ्या माणसाने उघडावा आणि काचेची नळी फुटू देऊ नये, आत पारा असतो. प्रत्येकी १५ वेढे पुरेत. एका वेटोळ्याची सुरुवात दुसऱ्याच्या शेवटाला जोडायची असते. ही दिशा चुकली की सर्किट चालत नाही, आणि माझ्याकडे ‘ज्यूल थीफ बिघडला’ म्हणून येणाऱ्या बहुतेक पाट्यांत चूक तिथेच सापडते.

व्होल्ट वाढले तरी ताकद वाढत नाही. ५ मिलिवॅट आत गेले तर बाहेर ५ पेक्षा कमीच येणार आणि एलईडी तेवढाच उजळणार.

८. काही जोडलं नसताना पाती सुसाट फिरतात, एलईडी किंवा मॉड्यूल जोडलं की मंदावतात. शॉर्ट झालंय का?

नाही, असंच व्हायला हवं. वेटोळ्यातून वीज वाहू लागली की ती स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि ते फिरण्याला विरोध करतं. वीज फुकट मिळत नाही, ती पात्यांच्या जोरातूनच येते. मुलांना हे बोटांना जाणवू द्या. मोटरच्या दोन तारा मोकळ्या ठेवून दांडा फिरवायला सांगा, मग तारा एकमेकांना जोडून पुन्हा फिरवायला सांगा. छोट्या खऱ्या पवनचक्क्यांत अशाच तारा जोडून ब्रेक लावतात.

पाती मंदावण्याऐवजी पूर्ण थांबत असतील तर लोड, म्हणजे वीज खाणारी जोडलेली वस्तू, फार जड आहे. व्होल्टेज वाढवणारी तयार बूस्ट मॉड्यूल लावल्यावर असं हमखास होतं. ती सुरू होताना एकदम जास्त करंट ओढतात आणि पाती बसतात.

९. यावर मोबाइल चार्ज होईल का? निदान लिथियमची बॅटरी तरी?

मोबाइल नाही. फोनच्या बॅटरीत साधारण १५ वॅट-तास मावतात. ४० मिलिवॅटने, एक थेंबही वाया न घालवता, वारा एक क्षणही न थांबता, सोळा दिवस लागतील. प्रदर्शनाच्या फलकावर ‘मोबाइल चार्जिंग पवनचक्की’ असं लिहायचा मोह टाळा.

लिथियमची बॅटरीही नको. तिच्या चार्जिंगचं मॉड्यूल सुमारे ५ व्होल्ट मागतं आणि मॉड्यूल वगळून थेट जोडणं धोक्याचं आहे. बॅटरीच हवी असेल तर १.२ व्होल्टचा एक निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या आणि मध्ये एक शॉट्की डायोड लावा. मुलांच्या कामाला मी मात्र सुपरकपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा मोठा कपॅसिटर, सुचवते.

१०. सुपरकपॅसिटर कसा जोडायचा आणि दिवा किती वेळ चालेल?

१ फॅरड, ५.५ व्होल्टचा घ्या. मोटरपासून शॉट्की डायोडमधून कपॅसिटरकडे, मायनस सरळ मायनसला. २० मिलिअँपिअर मिळत असतील तर शून्यापासून २.५ व्होल्टपर्यंत चढायला दोन मिनिटांच्या आसपास लागतात. मग फॅन बंद करा. लाल एलईडीला १० मिलिअँपिअर दिले तर व्होल्टेज १.८ ला येईपर्यंत तो मिनिटभर चालतो. ज्यूल थीफ जोडला तर त्याच्या खालचीही ऊर्जा वापरता येते.

डायोड मुद्दाम विसरून एकदा पाहा. फॅन बंद केला की कपॅसिटरमधली वीज मोटरकडे परत जाते आणि पवनचक्कीचाच पंखा होतो. प्रश्न १ मधली गोष्ट मुलांना इथे पक्की पटते.

११. अर्डुइनो पवनचक्कीच्याच विजेवर चालवता येईल का?

या आकाराच्या किटवर नाही. अर्डुइनो म्हणजे प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड. त्यातला नॅनो ५ व्होल्टला सुमारे २० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे १०० मिलिवॅट, आणि आपल्याकडे आहेत ३० ते ५०. अर्डुइनोला वेगळी वीज द्या आणि फलकावर तसं स्पष्ट लिहा. आपण पवनचक्कीला नाडी तपासणारं यंत्र जोडतो आहोत. वैद्याला जेवण रुग्णाच्या ताटातून वाढत नाहीत.

१२. अर्डुइनो पॉवर बँकेवर लावला तर अर्ध्या मिनिटात बंद पडतो. का?

पॉवर बँकेला वाटतं की फोन काढून घेतला. करंट फार कमी दिसला की बऱ्याच पॉवर बँका स्वतःहून बंद होतात. साधा मोबाइल चार्जर वापरा, किंवा चार्ज होणारे चार एए सेल एका होल्डरमध्ये घालून ४.८ व्होल्ट थेट ५ व्होल्टच्या पिनला द्या. साधे एए सेल तिथे लावू नका, नवे असताना चार मिळून ६ व्होल्टच्या वर जातात. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी प्रदर्शनाचा दिवस काढत नाही.

१३. अर्डुइनोने पवनचक्कीचं व्होल्टेज कसं मोजायचं? पिन जळणार तर नाही?

मोटरचा प्लस ए० पिनला, मायनस अर्डुइनोच्या ग्राउंडला. ग्राउंड जोडायला विसरलं की पडद्यावर वाटेल ते आकडे नाचतात.

पिन दोन प्रकारे जाऊ शकते. पाती उलटी फिरली तर पिनवर उणे व्होल्टेज येतं, आणि कुणी हेअर ड्रायर समोर धरला तर ५ च्या वर जातं. म्हणून मोटर आणि पिनच्या मध्ये १० किलोओहमचा रोध घाला आणि पिनपासून ग्राउंडला ५.१ व्होल्टचा झेनर डायोड, पट्टी पिनच्या बाजूला. दोन्ही संकटं टळतात.

अचूकतेबद्दल थोडं. अर्डुइनो ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. मोटर एक व्होल्टच्या आतच देत असेल तर आतला १.१ व्होल्टचा संदर्भ निवडा, पायरी १.१ मिलिव्होल्टच्या जवळ येते. आणि यूएसबीचे ‘५ व्होल्ट’ नेमके ५ नसतात. मल्टिमीटरने मोजा आणि आलेला आकडा प्रोग्रॅममध्ये टाका.

१४. व्होल्टेज कळलं, पण पॉवर कशी काढायची? आयएनए २१९ घ्यायलाच हवा का?

नाही. मोटरला ४७ ओहमचा रोध जोडा आणि त्याच्यावरचं व्होल्टेज मोजा. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध म्हणजे पॉवर. १.२ व्होल्ट आले तर १.४४ भागिले ४७, म्हणजे सुमारे ३० मिलिवॅट.

खरी गंमत रोध बदलण्यात आहे. १०, २२, ४७, १०० आणि २२० ओहम एकामागून एक लावा, प्रत्येक वेळी पाती स्थिर होईपर्यंत थांबा आणि आलेखाच्या कागदावर बिंदू मांडा. समजा १०० ओहमवर १.५ व्होल्ट आले, पॉवर साडेबावीस मिलिवॅट. १० ओहमवर ०.४ व्होल्ट आले, पॉवर १६. मधल्या ४७ वर ३०. आलेखाला मध्येच टेकडी येते. लोड फार हलका असेल तर करंट नाही, फार जड असेल तर पाती बसतात, आणि मधल्या एका जागी पवनचक्की सर्वांत जास्त देते. ही टेकडी स्वतःच्या हाताने काढलेली मुलगी आयुष्यात कधी विसरत नाही, आणि मला सगळ्या किटकामात सर्वांत मोलाची वाटते ती हीच संध्याकाळ.

आयएनए २१९ मॉड्यूल व्होल्टेज आणि करंट दोन्ही एकदम देतं. सतत नोंद ठेवायची असेल तर जरूर घ्या, फक्त लायब्ररीत ४०० मिलिअँपिअरची रेंज निवडा. मूळ रेंज आपल्या छोट्या करंटसाठी फार मोठी आहे.

१५. पाती मिनिटाला किती फेरे घेतात ते कसं मोजू?

ए३१४४ हा चुंबक जवळ आला की कळवणारा हॉल सेन्सर आणि ५ मिलिमीटरचे दोन छोटे निओडिमियम चुंबक घ्या. चुंबक हबच्या मागे समोरासमोर चिकटवा. एकच लावला तर तोल जातो आणि खांब थरथरतो. सेन्सरची लिहिलेली बाजू आपल्याकडे असताना डावा पाय ५ व्होल्ट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. आउटपुट अर्डुइनोच्या पिन २ ला, आणि तिथून ५ व्होल्टला १० किलोओहमचा रोध. तो रोध नसेल तर सेन्सर सिग्नल वर उचलू शकत नाही. चुंबक आणि सेन्सरमध्ये ३ ते ५ मिलिमीटर अंतर ठेवा.

पिन २ आणि ३ नॅनोवर इंटरप्टच्या आहेत, म्हणजे ठोका येताच बोर्ड हातातलं काम थांबवून तो मोजतो, म्हणून तिथेच जोडायचं. प्रोग्रॅममध्ये मोजणीचं चल (variable) व्होलटाइल (volatile) म्हणून जाहीर करा.

१६. सेन्सर लावला, पण फेरे शून्य दिसतात, किंवा दुप्पट, किंवा ३० च्याच पटीत उड्या मारतात.

शून्य: चुंबक उलटा आहे. ए३१४४ फक्त दक्षिण ध्रुव ओळखतो. चिकटवण्याआधी सेन्सरसमोर धरून बघायचं राहिलं. दोनपैकी एकच उलटा असेल तर फेरे निम्मे दिसतील.

दुप्पट: चुंबक दोन आहेत आणि भागायचं राहिलं.

३० च्या उड्या: सेकंदभर ठोके मोजून ३० ने गुणत असाल तर एक ठोका इकडेतिकडे झाला की ३० चा फरक पडणारच. ठोके मोजण्याऐवजी दोन ठोक्यांमधला वेळ मायक्रोसेकंदात मोजा. आकडा एकदम शांत होतो.

१७. अर्डुइनोऐवजी ईएसपी ३२ वापरून आकडे मोबाइलवर दाखवायचे आहेत. काही वेगळं करावं लागेल?

तीन गोष्टी. ए३१४४ ला किमान ४.५ व्होल्ट लागतात, म्हणून सेन्सरला ५ व्होल्टच द्या, पण आउटपुटचा १० किलोओहमचा रोध ३.३ व्होल्टला जोडा. वायफाय चालू असताना एडीसी-२ च्या, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या गटातल्या, पिन वाचता येत नाहीत, ३२ ते ३९ मधली पिन घ्या. आणि ईएसपी ३२ चा एडीसी शून्याजवळ नीट वाचत नाही, त्यामुळे इथे आयएनए २१९ लावणंच बरं. वीज अर्थातच वेगळी, वायफाय पाठवताना हा बोर्ड २०० मिलिअँपिअरच्या वर जातो.

१८. पवनचक्की वाऱ्याबरोबर वळते तेव्हा खांबातल्या तारा पिळवटतात. काय करू?

फॅनसमोर ठेवणार असाल तर मुंडकं वळूच देऊ नका, एक स्क्रू घट्ट करा. गच्चीवर ठेवायची असेल तर ३.५ मिलिमीटरचा हेडफोनचा जॅक कामाला येतो. सॉकेट खांबाच्या वरच्या टोकात, पिन मुंडक्याच्या तळाला. जॅक गोल फिरला तरी तिन्ही संपर्क टिकून राहतात. मोटरच्या दोन तारा यातून आरामात जातात. हॉल सेन्सर मात्र न वळणाऱ्या भागावर बसवता येत नाही, त्याला आणखी तारा लागतात. फेरे मोजायचे असतील त्या दिवशी मुंडकं बांधून ठेवलेलं बरं.

१९. पाती मोठी केली तर?

व्यास दुप्पट केला तर क्षेत्रफळ चौपट, म्हणून फायदा नक्की आहे. पण फेरे कमी होतात आणि प्रश्न २ चा हिशोब पुन्हा करावा लागतो. चार इंची पीव्हीसी पाइपमधून कापलेली पाती छान चालतात, पाइपचा गोलवा पात्याला आयताच मिळतो. तिन्हींचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर सारखं करा. पत्र्याची पाती करू नका.

२०. घरच्या गच्चीवर वाऱ्याचा वेग बातम्यांतल्या आकड्यापेक्षा खूप कमी लागतो. सेन्सर चुकतोय का?

सेन्सर बरोबर असण्याचीच शक्यता जास्त. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसकडून, म्हणजे हवामान खात्याकडून येणारा वाऱ्याचा आकडा मोकळ्या जागी १० मीटर उंचीवरचा असतो. तुमच्या गच्चीला कठडा आहे, शेजारी पाण्याची टाकी आहे, पलीकडे दुसरी इमारत आहे. या सगळ्यांमागे वारा गिरक्या घेतो आणि पाती कधी इकडे, कधी तिकडे तोंड करतात. कठड्याच्या उंचीच्या निदान दुप्पट वर न्या आणि पश्चिम बाजू मोकळी ठेवा, पावसाळ्यात आपल्याकडे वारा तिथून येतो. वेताळ टेकडीवर नेलेलं किट घरच्यापेक्षा किती वेगळे आकडे देतं ते एकदा पाहाच. सोबत भारी दगड न्या, पायथा उडतो. ढग गडगडायला लागले तर लगेच खाली उतरा.

मोजणीची तुलना करायची असेल, म्हणजे पाती बदलून किंवा रोध बदलून, तर घरचा टेबल फॅनच हवा. अंतर खडूने आखून ठेवा आणि स्पीड तोच ठेवा.

२१. उद्या प्रदर्शन आहे आणि दिवा लागत नाही. पायथ्यात लपवून सेल लावला तर कुणाला कळणार आहे?

लावू नका.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत परीक्षक म्हणून गेले होते. सातवीतल्या एका मुलाची पवनचक्की झगझगीत पेटलेली होती. बोलता बोलता कुणीतरी फॅन बंद केला, पाती थांबली, दिवा तसाच. त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो. सेल त्याने लावला नव्हता, घरच्या मोठ्या माणसांनी लावला होता. त्याच्या शेजारच्या टेबलावर एका मुलीने मल्टिमीटर लावून ठेवला होता, ११० मिलिव्होल्ट दाखवणारा, आणि वहीत फॅनच्या तीन स्पीडचे तीन आकडे लिहिले होते. तिच्याशी मी वीस मिनिटं बोलले.

दिवा लागत नसेल तर मीटर लावा. फॅनचं अंतर बदलून पाच आकडे घ्या, आलेख काढा, आणि एलईडी पेटायला किती कमी पडतं आणि का, ते प्रश्न २ च्या हिशोबाने फलकावर लिहा. एका रात्रीत हे होतं.

२२. सुटे भाग पुण्यात कुठे मिळतील?

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळची तपकीर गल्ली. रोध, डायोड, सेन्सर, झीरो पीसीबी (भोकांची कोरी पाटी), बर्ग स्ट्रिप (पिनांची पट्टी), सगळं तिथे सुटं मिळतं. यादी नंबरासकट कागदावर लिहून न्या आणि गाडी लांब लावून चालत जा. जुन्या मोटरसाठी बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार बघा, खिशात मल्टिमीटर ठेवा आणि दांडा फिरवून व्होल्ट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. त्याआधी सोसायटीत विचारा. बंद पडलेला प्रिंटर कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर असतोच.

२३. चाळकेवाडीच्या पठारावर पाहिलेल्या पवनचक्क्या किती संथ फिरतात! मग त्यांना फेरे कसे पुरतात?

ठोसेघरला जाऊन आलेल्या प्रत्येक मुलाचा हा प्रश्न असतो. संथ दिसतात, पण तसं नसतं. १०० मीटर व्यासाची पाती मिनिटाला १५ फेरे घेत असतील तर त्यांचं टोक ताशी सुमारे २८० किलोमीटरने धावत असतं. तरीही जनरेटरला हे फेरे कमीच पडतात. अनेक पवनचक्क्यांत मागच्या पेटीत मोठा गिअरबॉक्स असतो आणि तो फेरे वाढवून मिनिटाला हजार-दीड हजारापर्यंत नेतो. तिथे गिअर चालतो आणि आपल्या किटमध्ये अडतो, कारण तिथल्या पात्यांकडे जोर भरपूर असतो. काही आधुनिक पवनचक्क्यांत गिअरबॉक्स नसतोच, त्यांचा जनरेटर अनेक ध्रुवांचा आणि खूप मोठ्या व्यासाचा करतात. आपली स्टेपर मोटर त्यांच्याच जातीची, म्हणून कमी फेऱ्यांतही ती बरे व्होल्ट देते.

वेग आणि दिशा मोजणारी उपकरणं त्यांच्याही पाठीवर असतात, आणि वारा सेकंदाला २५ मीटरच्या आसपास गेला की बहुतेक पवनचक्क्या स्वतःहून थांबतात. सुझलॉनसारख्या कंपनीचं मुख्यालय पुण्यातच आहे, तेव्हा हे काम करणारं कुणीतरी तुमच्या ओळखीत निघेल. मुलांना त्यांच्याशी बोलायला लावा.

२४. किट मैत्रिणीचं आहे. सगळं करून पुन्हा होतं तसं करता येईल?

येईल, जर किटच्या मोटरवर थेट सोल्डर केलं नाही तर. तारा मगर क्लिपने जोडा, चुंबक दुहेरी चिकटपट्टीने लावा, सर्किट वेगळ्या झीरो पीसीबीवर करून पायथ्याला रबरबँडने बांधा. मोटर बदलली असेल तर जुनी मोटर तिच्या स्क्रूसकट एका डबीत ठेवा आणि डबीवर नाव लिहा.